‘औषध लागू पडत नाही’ : मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग, प्रतिजैविकांना होणारा प्रतिरोध आणि वाक्यातील कर्ता

१

मूत्रमार्गाच्या जंतुसंसर्गाने वारंवार पीडलेली व्यक्ती आपली हकीकत सांगू लागली की, ‘ती गोळी मला आता लागू पडत नाही’, ‘अंगाला औषधाची सवय होऊन गेली’, ‘औषध अंगात मुरले’ अशी वाक्ये कानी पडतात. ही वाक्ये व्याकरणदृष्ट्या निर्दोष असून त्यांचा आशयही ऐकणारास तत्काळ कळतो. तथापि जरा बारकाईने पाहिले असता एक गोष्ट ध्यानात येते. ह्या वाक्यांत औषध आहे, औषध घेणारा आहे, त्याचे अंग आहे. ज्याच्यामुळे औषध निष्प्रभ ठरले तो जीवाणू मात्र कोठेही नाही.

वैद्यक हा प्रस्तुत लेखकाचा विषय नव्हे, भाषाशास्त्र हा होय. तेव्हा रोगचिकित्सेविषयी सल्ला देण्याचा त्याला अधिकार नाही व तसा हेतूही नाही. परंतु एखाद्या वस्तुस्थितीविषयी समाजात रूढ असलेला गैरसमज पुष्कळदा वाक्यरचनेच्या आश्रयाने टिकून राहतो, आणि तो तेथून हुडकून काढणे हे भाषाभ्यासकाचे काम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली भारतासह १२ देशांतील सुमारे १० हजार लोकांची पाहणी प्रसिद्ध केली. प्रतिजैविकांना प्रतिरोध होतो म्हणजे माणसाचे शरीरच त्या औषधांना प्रतिरोध करू लागते, असे त्यांतील ७६ टक्के लोकांनी मानले होते. हे मत चुकीचे आहे. प्रतिरोध शरीर करीत नाही, जीवाणू करतो. त्याच वर्षी ब्रिटनमधील वेलकम ट्रस्टच्या पाहणीतही हाच समज आढळून आला. यावरून हा दोष एकट्या मराठीचा नव्हे हे उघड आहे. मराठीत तो कोणत्या वाटांनी शिरतो एवढेच येथे पाहावयाचे आहे.

विवेचनाच्या सोयीसाठी विषयाचे तीन प्रश्नांत विभाजन करता येईल : प्रतिरोध कोणाचा, तो उत्पन्न कसा होतो, आणि तो पसरतो कोठवर. उदाहरण म्हणून मूत्रमार्गाचा संसर्ग निवडला आहे, याचे कारण तो अत्यंत सामान्य आहे. सुमारे निम्म्या स्त्रियांना आयुष्यात एकदा तरी तो होतो. २०१९ ह्या एका वर्षात जगभरात त्याच्या ४० कोटींहून अधिक घटना झाल्या असाव्यात, असा अंदाज प्रसिद्ध झालेला आहे.

२

प्रथम रोगाविषयी थोडेसे. लघवीला जळजळ होणे, ती वारंवार व थेंबथेंब होणे ह्या लक्षणांस आपल्याकडे ‘उन्हाळी लागणे’ असे म्हणतात. आयुर्वेदाच्या परिभाषेत ‘मूत्रकृच्छ्र’ ही संज्ञा आहे. दुसरी संज्ञा केवळ लक्षण सांगते : मूत्र कष्टाने होणे. पहिली मात्र लक्षणाबरोबर कारणही सांगून टाकते : ऊन, उष्णता. म्हणूनच सब्जा, धण्याचे पाणी इत्यादी थंड उपचार तिच्या मागोमाग येतात. त्यांतील पाण्याचा भाग निरर्थक नाही. मुळात पाणी कमी पिणाऱ्या स्त्रियांनी रोज अधिक पाणी घेतल्यास त्यांना पुनःपुन्हा होणारा संसर्ग कमी होतो, असे २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत दिसून आले आहे. शिवाय लघवीची प्रत्येक जळजळ जंतूंमुळेच होते असेही नाही. परंतु जेथे संसर्ग असतो तेथे कारण ऊन नसून जीवाणू असतो.

हा जीवाणू बहुधा एकच असतो. सर्वसाधारण मूत्राशयसंसर्गाच्या दर पाच रुग्णांपैकी सुमारे चार जणांत तो ‘एश्चेरिशिया कोलाय’, संक्षेपाने ‘ई. कोलाय’, हा असतो. थिओडोर एशेरिश ह्या वैद्याने त्याचे वर्णन १८८५ साली अर्भकांच्या मळाच्या परीक्षणावरून केले. तो मूळचा आतड्याचा रहिवासी असून तेथे बहुधा निरुपद्रवी असतो. आतड्यातून तो बाहेर येऊन मूत्रनलिकेच्या मुखाशी पोहोचला आणि वर सरकला म्हणजे संसर्ग घडतो. स्त्रियांची मूत्रनलिका सुमारे ४ सेंटिमीटर, पुरुषांची सुमारे २० सेंटिमीटर. हा रोग स्त्रियांत अधिक आढळण्याचे हे एक मुख्य कारण होय. मूत्राच्या प्रवाहाबरोबर वाहून न जाता टिकून राहता यावे म्हणून ह्या जातीच्या काही प्रकारांच्या अंगावर सूक्ष्म तंतू असतात व त्या तंतूंच्या टोकांनी ते मूत्राशयाच्या अस्तराला चिकटतात. ई. कोलायखेरीज क्लेब्सिएला, प्रोटिअस, एंटेरोकॉकस व इतर काही जीवाणूही हा रोग उत्पन्न करतात. रुग्णालयात मूत्रनळी बसविलेल्या रुग्णांत त्यांचे प्रमाण वाढते.

आतड्यात राहणारा जीवाणू मूत्राशयात रोग करतो, हा मुद्दा वाचकांनी लक्षात ठेवावा. पुढील विवेचनात त्याचे महत्त्व कळून येईल.

३

आता पहिला प्रश्न : प्रतिरोध कोणाचा?

ह्याचे उत्तर देणारा एक प्रयोग प्रतिजैविकांच्या इतिहासाच्या अगदी आरंभी झालेला आहे. पेनिसिलिनचा शोध फ्लेमिंगने १९२८ साली लावला. ते शुद्ध करून औषध म्हणून वापरण्याचे काम ऑक्सफर्ड येथे १९३९ नंतर जोमाने सुरू झाले. तेथील अब्राहम व चेन ह्या संशोधकांनी डिसेंबर १९४० मध्ये एक छोटेसे टिपण प्रसिद्ध केले. पेनिसिलिनचा नाश करणारे एक एंझाइम काही जीवाणूंपासून मिळते, असे त्यात म्हटले होते. आणि ते ज्या जीवाणूपासून त्यांनी मिळविले तो हाच आतड्यातील कोलाय होता. ऑक्सफर्डच्या ह्या पेनिसिलिनने पहिल्या गंभीर रुग्णावर उपचार सुरू झाले ते फेब्रुवारी १९४१ मध्ये. म्हणजे औषध रुग्णाच्या शरीरात जाण्यापूर्वीच त्याला निष्प्रभ करणारा पदार्थ जीवाणूत आढळलेला होता. ज्या शरीराने औषध कधी पाहिलेच नाही त्याला त्याची ‘सवय’ कशी व्हावी? पुढे २०११ साली कॅनडातील युकॉन प्रदेशाच्या गोठलेल्या जमिनीत, सुमारे ३० हजार वर्षांपूर्वीच्या थरांत, प्रतिरोधाची जनुके सापडली. प्रतिजैविके ही मूलतः बुरशी व जीवाणू यांचीच निर्मिती असल्यामुळे त्यांवरील तोडही सूक्ष्मजीवांच्या सृष्टीत फार जुनी आहे.

जीवाणू नेमके करतो काय? येथे ‘प्रतिरोध’ हे नाम आपल्याला फारसे साहाय्य करीत नाही. क्रियापदाचे नाम केले की क्रियेचा तपशील लोप पावतो, हा भाषेचा सामान्य नियम आहे. ‘प्रतिरोध’ ह्या एका नामाखाली निदान चार निरनिराळ्या क्रिया झाकलेल्या आहेत.

पहिली क्रिया नष्ट करण्याची. पेनिसिलिन व सेफॅलोस्पोरिन ह्या वर्गांतील औषधांच्या रेणूत ‘बीटा-लॅक्टम’ नावाचे एक वलय असते. बीटा-लॅक्टमेज एंझाइमे हे वलय फोडतात आणि औषध निकामी होते. दुसरी क्रिया लक्ष्य बदलण्याची. सिप्रोफ्लॉक्सॅसिनसारखी औषधे जीवाणूच्या ज्या प्रथिनाला पकडून त्याच्या डीएनएचे काम थांबवितात, त्या प्रथिनातील एखाददुसरा घटक बदलला की पकड ढिली होते. तिसरी क्रिया प्रवेश अडविण्याची. ई. कोलायच्या बाह्य आवरणात सूक्ष्म द्वारे असतात. ती कमी झाली किंवा अरुंद झाली म्हणजे औषध आत शिरण्यास अडचण पडते. चौथी क्रिया बाहेर लोटण्याची. आत आलेले औषध उपसून टाकणारे पंप जीवाणूच्या आवरणात असतात आणि त्यांचे काम वाढल्यास औषधाचे आतील प्रमाण घटते. ह्या चारही क्रिया एकाच जीवाणूत एकत्र नांदू शकतात.

फोडणे, बदलणे, अडविणे, लोटणे : चारही सकर्मक क्रियापदे आहेत आणि चोहोंचा कर्ता जीवाणू आहे. ‘ती गोळी मला लागू पडत नाही’ ह्या वाक्यात हा कर्ता तर नाहीच, उलट चतुर्थीतील ‘मला’ त्याची जागा बळकावून बसले आहे.

४

कर्ता गळण्याचे कारण केवळ बोलीतील वाक्यांत नाही. आपली परिभाषाही त्याला हातभार लावते. रोगाशी झगडण्याच्या शरीराच्या सामर्थ्यास आपण ‘रोगप्रतिकारशक्ती’ म्हणतो. हा शब्द आता घरोघरी पोहोचला आहे आणि तो इष्ट गोष्टीचा वाचक आहे. प्रतिकारशक्ती वाढावी असेच प्रत्येकास वाटते. त्याच ‘प्रतिकार’ शब्दाने जीवाणूंच्या अनिष्ट सामर्थ्याचाही निर्देश होऊ लागला की घोटाळा अटळ होतो. ‘रोगप्रतिकारक’, ‘रोगप्रतिबंधक’ ह्या समासांत पूर्वपद हे ज्याला विरोध करावयाचा त्याचे असते, आणि विरोध करणारा पक्ष म्हणजे आपले शरीर, हे अध्याहृत असते. त्याच साच्यात ‘औषधप्रतिकारक’ हा शब्द घातला की ऐकणारा पूर्वीच्या सवयीने अध्याहृत जागी शरीरालाच बसवितो. शब्दाची चूक नाही, ऐकणाऱ्याचीही नाही. सादृश्याचा हा स्वाभाविक परिणाम आहे.

दुसरी अडचण षष्ठीची. कृदन्त नामाच्या योगे कर्ता व कर्म हे दोन्ही षष्ठीत येऊ शकतात, हे पाणिनीपासून व्याकरणकारांस ठाऊक आहे. मराठीत ‘शिक्षकांचा उपदेश’ यात शिक्षक कर्ता आहे, ‘शिक्षकांचा सत्कार’ यात कर्म आहे, आणि ‘आईची आठवण’ यात प्रसंगावाचून निर्णय होत नाही. ‘प्रतिजैविकांचा प्रतिरोध’ ही रचना ह्या तिसऱ्या जातीची आहे. प्रतिजैविके प्रतिरोध करतात की त्यांना प्रतिरोध होतो? तज्ज्ञास शंका येत नाही, कारण त्याला वस्तुस्थिती अगोदरच माहीत असते. ज्याला ती शब्दावरूनच समजून घ्यावयाची आहे तो मात्र फसतो. ‘प्रतिजैविकप्रतिरोध’ असा समास केल्याने विभक्तीचा प्रत्यय तेवढा दिसेनासा होतो, संदिग्धता राहतेच.

५

दुसरा प्रश्न : प्रतिरोध उत्पन्न कसा होतो?

जे लोक जीवाणूला कर्ता मानतात तेही पुष्कळदा ‘जंतू औषधाला सरावले’, ‘जंतू निर्ढावले’, ‘जंतूंना सवय झाली’ असे म्हणतात. कर्ता बरोबर आला, पण क्रियापद चुकले. सरावणे, निर्ढावणे, सवय होणे ह्या सर्व क्रिया एकाच व्यक्तीच्या आयुष्यात, अनुभवाने घडणाऱ्या आहेत. मार खाऊन खाऊन मूल निर्ढावते तेव्हा पहिल्या दिवशीचे मूल आणि शेवटच्या दिवशीचे मूल एकच असते. जीवाणूंच्या बाबतीत सामान्यतः तसे घडत नाही. पहिल्या दिवशीचे जीवाणू बहुतेक मरून गेलेले असतात आणि शेवटी दिसतात ते निराळ्यांचे वंशज असतात.

हा भेद सिद्ध करणारे दोन प्रयोग प्रसिद्ध आहेत आणि दोन्ही ई. कोलायवर झालेले आहेत. १९४३ साली लुरिया व डेलब्रुक यांनी ई. कोलायच्या अनेक लहान लहान संवर्धनांस स्वतंत्रपणे वाढू दिले व नंतर त्या प्रत्येकावर जीवाणूंना मारणारा एक विषाणू सोडला. त्यांचा तर्क असा : विषाणूशी गाठ पडल्यावर त्याच्या अनुभवाने काही जीवाणू तग धरण्यास शिकत असतील, तर प्रत्येक संवर्धनात अशा जीवाणूंची संख्या जवळजवळ सारखी निघावी. उलट हा बदल गाठ पडण्यापूर्वीच, विभाजन चालू असता, आपोआप होत असेल तर जेथे तो लवकर झाला तेथे वंशज पुष्कळ, जेथे उशिरा झाला तेथे थोडे, आणि जेथे झालाच नाही तेथे एकही नाही, अशी मोठी तफावत दिसावी. प्रत्यक्षात अशी तफावतच दिसली. पुढे १९५२ साली जोशुआ व एस्थर लेडरबर्ग यांनी एका बशीत वाढलेल्या जीवाणूंच्या वसाहतींचा ठसा मखमलीच्या कापडावर घेऊन तो दुसऱ्या बशांत जशाच्या तशा मांडणीने उतरविण्याची युक्ती काढली. स्ट्रेप्टोमायसिन घातलेल्या बशीत जेथे जीवाणू तगले, त्याच जागेवरच्या मूळ बशीतील जीवाणूंतून, ज्यांना औषधाचा स्पर्शही झाला नव्हता अशांतून, प्रतिरोधी जीवाणू वेगळे काढता आले. प्रतिरोध औषधापूर्वीच होता. औषधाने तो शिकविला नाही; इतरांना मारून त्याला मोकळे रान करून दिले.

तात्पर्य, येथे उचित क्रियापद ‘शिकणे’ नसून ‘निवडले जाणे’ हे आहे. प्रयोगशाळेत अनुकूल स्थितीत ई. कोलाय सुमारे २० मिनिटांत द्विगुणित होतो. कोट्यवधींच्या अशा समूहात एखाददुसरा जीवाणू उत्परिवर्तनाने वेगळा निघणे मुळीच आश्चर्याचे नाही.

येथे मागे सांगितलेला आतड्याचा मुद्दा उपयोगी पडतो. सर्दीपडशासाठी एखाद्याने अकारण प्रतिजैविक घेतले, तर सर्दीच्या विषाणूवर त्याचा काहीच परिणाम होत नाही. परंतु औषध आतड्यातील जीवाणूंपर्यंतही पोहोचते आणि तेथे निवड घडून येते. प्रतिजैविक घेतलेल्या व्यक्तीच्या अंगावरील व अंगातील जीवाणूंत प्रतिरोधाचे प्रमाण वाढते आणि ही वाढ १२ महिन्यांपर्यंत टिकू शकते, असे २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अनेक अभ्यासांच्या एकत्रित परीक्षणावरून दिसले आहे. पुढे कधी काळी मूत्राशयात शिरणारा ई. कोलाय ह्याच साठ्यातून येतो. ‘अंगाला सवय झाली’ ह्या वाक्यात सत्याचा अंश असलाच तर तो एवढाच : सवय अंगाला झालेली नसून अंगात वस्ती करणाऱ्यांची निवड झालेली असते.

६

तिसरा प्रश्न : प्रतिरोध कोठवर पसरतो? शरीराला कर्ता करणाऱ्या वाक्याचा सर्वांत घातक परिणाम येथे दिसतो. माझ्या अंगाला सवय झाली असेल तर ती माझ्यापुरती. आणि मी औषध क्वचितच घेत असेन तर मला भय नाही, असे त्यातून निष्पन्न होते. वस्तुस्थिती याच्या उलट आहे.

भाषांच्या अभ्यासकास दोन प्रकारचे संक्रमण परिचित आहे. एक वंशपरंपरेचे : संस्कृतातून प्राकृतात, प्राकृतातून मराठीत आलेला शब्द. दुसरे उसनवारीचे : पोर्तुगीजांकडून आलेले ‘पाव’, ‘बटाटा’ हे शब्द. उसना शब्द भाषाकुलाच्या मर्यादा पाळीत नाही. जीवाणूंतही अशी दोन संक्रमणे आहेत. जननी-जीवाणूकडून विभाजनाने संततीकडे जाणारी जनुके ही पहिल्या प्रकारची. दुसऱ्या प्रकाराचे मुख्य वाहन म्हणजे ‘प्लाझ्मिड’ : मुख्य गुणसूत्राहून स्वतंत्र असे डीएनएचे छोटे वलय. दोन जीवाणू परस्परांशी जोडले गेले असता त्याची प्रत एकाकडून दुसऱ्याकडे जाते, आणि ते दोघे एकाच जातीचे असले पाहिजेत असे नाही. ही तुलना याहून पुढे नेऊ नये. भाषेत उसनवारी करणारे बोलणारे असतात, जीवाणूस हेतू नसतो.

ह्या उसनवारीचा बोध प्रथम जपानमध्ये झाला. तेथे १९५० नंतरच्या दशकात एकाच वेळी चार औषधांना न जुमानणारे आमांशाचे जीवाणू आढळू लागले. एकामागून एक चार स्वतंत्र उत्परिवर्तने एकाच जीवाणूत घडणे फारच असंभवनीय होते. हा चौपदरी प्रतिरोध ई. कोलाय व आमांशाचा शिगेला ह्या दोन भिन्न जीवाणूंत परस्पर संपर्काने संक्रान्त होतो, हे जपानी संशोधकांनी १९५९ साली दाखवून दिले. अनेक औषधांचा प्रतिरोध एकाच गाठोड्यात बांधलेला होता. यातून असे निघते की, एका औषधाच्या वापराने दुसऱ्याच औषधाचा प्रतिरोधही निवडला जाऊ शकतो.

मूत्रमार्गाच्या संसर्गाचा त्यानंतरचा इतिहास हा बराचसा अशा गाठोड्यांचा इतिहास आहे. अँपिसिलिन १९६१ साली वापरात आले. अथेन्समधील एका रुग्णापासून मिळालेल्या ई. कोलायमध्ये प्लाझ्मिडवरील एका बीटा-लॅक्टमेजचे वर्णन १९६५ साली प्रसिद्ध झाले आणि रुग्णाच्या नावावरून त्याचे ‘टेम’ असे नाव पडले. पुढे अधिक प्रभावी सेफॅलोस्पोरिने आली. १९८३ साली त्यांनाही फोडणारे विस्तारित क्षमतेचे एंझाइम जर्मनीतून वर्णिले गेले. ‘सीटीएक्स-एम’ ह्या नावातील शेवटचे अक्षर म्यूनिक शहराचे आहे. त्याच कुळातील पंधराव्या क्रमांकाचे एंझाइम भारतातील नमुन्यांवरून २००१ साली प्रथम वर्णिले गेले आणि आज ते जगभर पसरलेले आहे. २००८ साली स्वीडनमध्ये एका रुग्णाच्या मूत्रात क्लेब्सिएला आढळला. तो राखीव समजल्या जाणाऱ्या कार्बापेनेम वर्गालाही दाद देत नव्हता. रुग्णावर त्यापूर्वी नवी दिल्लीत उपचार झाले होते. म्हणून २००९ साली त्या एंझाइमास ‘न्यू दिल्ली मेटॅलो-बीटा-लॅक्टमेज’ असे नाव देण्यात आले. भारतात ह्या नावाविरुद्ध तीव्र प्रतिक्रिया उमटली, आणि २०१० साली ह्या एंझाइमाच्या प्रसाराविषयीचा लेख ज्या ‘लॅन्सेट’ समूहाच्या नियतकालिकात आला होता त्या समूहाच्या संपादकाने २०११ साली एका शहराचे नाव देणे ही चूक होती असे मान्य केले. नावाचा वाद समजण्यासारखा आहे. पण वादात एंझाइम मागे पडू नये. ते दिल्लीचे म्हणून दिल्लीत राहत नाही, जसे ‘सीटीएक्स-एम’ म्यूनिकमध्ये राहिले नाही.

प्रतिरोध अशा रीतीने हातोहात जातो. ज्याने आयुष्यात एकही प्रतिजैविक घेतले नाही त्याच्या मूत्राशयातही प्रतिरोधी ई. कोलाय येऊ शकतो. पाणी, अन्न, हात, रुग्णालयातील उपकरणे ह्या त्याच्या वाटा आहेत.

७

आज स्थिती कशी आहे? २०२० सालच्या माहितीच्या आधारे जागतिक आरोग्य संघटनेने असे नमूद केले आहे की, ई. कोलायमुळे झालेल्या मूत्रमार्गसंसर्गाच्या दर पाचांपैकी एका घटनेत अँपिसिलिन, को-ट्रायमोक्झॅझोल व फ्लुओरोक्विनोलोने ह्या नेहमीच्या औषधांचा प्रभाव घटलेला होता. भारतातील चित्र याहून गंभीर आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०१३ साली सुरू झालेल्या, देखरेख-जाळ्याच्या अहवालांत ई. कोलायच्या निम्म्याहून अधिक नमुन्यांवर सिप्रोफ्लॉक्सॅसिन चालत नाही असे दिसते. हे नमुने प्रामुख्याने मोठ्या रुग्णालयांतील असल्याने गावोगावच्या साध्या संसर्गाची स्थिती त्याहून काहीशी बरी असणे शक्य आहे.

तथापि सर्वच दारे बंद झालेली नाहीत. १९५३ पासून वापरात असलेले नायट्रोफ्युरँटोइन हे जुने औषध आजही बहुसंख्य ई. कोलायवर चालते. ते जीवाणूत एकाच लक्ष्यावर नव्हे तर अनेक ठिकाणी आघात करते, म्हणून एखाद्या बदलाने त्याची पकड सुटत नाही. ते मूत्रात साठते, रक्तात फारसे नाही. त्यामुळे मूत्राशयापुरते ते चांगले, मूत्रपिंडाच्या संसर्गास मात्र अपुरे. प्रोटिअस जीवाणूवर ते मुळातच चालत नाही. १९६९ साली स्पेनमध्ये सापडलेले फॉस्फोमायसिनही अद्याप उपयुक्त आहे. मूत्रमार्गाच्या संसर्गासाठी गेपोटिडॅसिन ह्या नव्या वर्गातील औषधास अमेरिकेत मार्च २०२५ मध्ये मान्यता मिळाली. पण नवे औषध आले म्हणून निवडीचा नियम बदलत नाही.

रुग्णाच्या हाती येणारा लघवीच्या परीक्षणाचा अहवाल हाही भाषाभ्यासकाने पाहण्यासारखा दस्तऐवज आहे. त्यात औषधांच्या नावांपुढे ‘सेन्सिटिव्ह’ व ‘रेझिस्टंट’ असे शेरे असतात. ‘सेन्सिटिव्ह’ म्हणजे जीवाणू त्या औषधाने मरण्याजोगा आहे. परंतु कर्ता लिहिलेला नसल्याने, ‘हे औषध मला सोसणार नाही’ असा नेमका उलटा अर्थ घेतला जाण्याचा संभव आहे. मधल्या शेऱ्याचे ‘आय’ हे अक्षर तर अर्थपालटाचे उत्तम उदाहरण आहे. ते पूर्वी सर्वत्र ‘मध्यम’ ह्या अर्थी होते. युरोपातील प्रमाण ठरविणाऱ्या समितीने २०१९ साली अक्षर तेच ठेवून त्याचा अर्थ ‘औषधाचे प्रमाण वाढविल्यास जीवाणू दाद देईल’ असा केला. अमेरिकी प्रमाणात ‘मध्यम’ हा अर्थ कायम राहिला. तसेच लघवीत जीवाणू सापडणे आणि रोग होणे ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत. दर मिलिलिटरमागे १ लाख जीवाणू ही कास यांनी १९५६ साली सुचविलेली प्रसिद्ध मर्यादा खरा जंतुप्रादुर्भाव व नमुना घेताना झालेली भेसळ यांत फरक करण्यासाठी होती. लक्षणे नसता केवळ जीवाणू आढळले तर गर्भवती स्त्रिया व मूत्रमार्गावरील काही शस्त्रक्रिया वगळता सामान्यतः प्रतिजैविक देत नाहीत, कारण तेथे लाभाऐवजी निवडच घडते.

शासनानेही चिन्हांचा आश्रय घेतला आहे. मार्च २०१४ पासून अंमलात आलेल्या ‘एच-१’ अनुसूचीप्रमाणे तीतील औषधांच्या विक्रीची स्वतंत्र नोंद औषधविक्रेत्याने ठेवावयाची असते. वैद्याच्या चिठ्ठीवाचून घेऊ नयेत अशा औषधांच्या पाकिटावरील तांबड्या उभ्या रेषेचा अर्थ लोकांस कळावा म्हणून २०१६ साली मोहीमही झाली. परंतु चिन्ह वाचणाऱ्याच्या मनातील वाक्यच जर ‘माझे अंग, माझे औषध’ असे असेल, तर त्या रेषेचा अर्थ त्याला केवळ कायद्याची कटकट एवढाच लागणार.

८

सारांश, प्रतिरोध जीवाणूचा असतो; तो सवयीने नव्हे तर निवडीने वाढतो; आणि तो कोणा एकाच्या मालकीचा नसतो. यावरून परिभाषेविषयी तीन सूचना कराव्याशा वाटतात. ‘प्रतिकार’ हा शब्द शरीराच्या रोगविरोधी सामर्थ्यासाठी राखून ठेवावा आणि जीवाणूंसाठी ‘प्रतिरोध’ हाच योजावा. ‘प्रतिरोध’ शब्द आला की निदान पहिल्या उल्लेखात कर्ता व कर्म दोन्ही स्पष्ट करावीत : ‘जीवाणूंचा प्रतिजैविकांना होणारा प्रतिरोध’. रचना लांब होते हे खरे; पण संदिग्ध समासापेक्षा लांब वाक्य बरे. आणि ‘सवय’, ‘सराव’, ‘निर्ढावणे’ ही रूपके अध्यापनात तरी टाळावीत.

बोलीसाठी नवा शब्द घडविण्याची आवश्यकताच नाही. ‘दाद न देणे’ हा वाक्प्रचार मराठीत पूर्वापार आहे आणि रोगाच्या संदर्भात तो योजलाही जातो. ‘हे औषध मला लागू पडत नाही’ याऐवजी ‘हे जंतू ह्या औषधाला दाद देत नाहीत’ असे म्हटले की, कर्ता आपल्या जागी येतो. आणि तो आला की पुढचे प्रश्नही बरोबर सुचतात : हे जंतू कोणते, ते आले कोठून, ते कोणत्या औषधाला दाद देतील, आणि माझ्याकडून ते आणखी कोणाकडे जातील? ‘मला लागू पडत नाही’ असे म्हणणारा दुसरी गोळी मागतो. ‘जंतू दाद देत नाहीत’ असे म्हणणारा प्रथम परीक्षण मागेल, अशी आशा बाळगावयास हरकत नाही.